रान कोणाचं आणि नकार कोणाचा?

गेल्या दोन व्याख्यानांत आपण ‘हक्क’ या शब्दाची बरीच चिरफाड केली. आज तो शब्द जमिनीवर उतरवून पाहू. वस्तीला लागून असलेलं रान, एखादा ओढा, नदीचा काठ बांधकामापासून वाचवायला लोक एकत्र येतात, तेव्हा ते नेमका कोणता युक्तिवाद करत असतात, आणि तो टिकतो का, हा आजचा प्रश्न. अशा प्रयत्नांबद्दल आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक आरतीचा, दुसरा टवाळीचा. आम्हांला दोन्ही अपुरे वाटतात.

उदाहरण मुद्दाम लांबचं घेतलं आहे, सिडनीचं. आपल्या गावचं घेतलं की अर्धं सभागृह आधीच बाजू धरून बसलेलं असतं, आणि मग युक्तिवाद तपासायला कोणी उरत नाही.

आधी एका शब्दाबद्दल. ऑस्ट्रेलियात ‘बुश’ म्हणतात त्याला शब्दकोशातलं ‘झुडूप’ चालत नाही. ‘जंगल’ही बरोबर नाही. जवळचा शब्द आपलाच आहे: रान. रानात गुरं जातात, पोरं हिंडतात, रान गावाला चिकटून असतं. जंगलात आपण जातो. रान आपल्या दाराशी येतं. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

सिडनीच्या हंटर्स हिल या उपनगरात पॅरामॅटा नदीच्या काठावर असा रानाचा एक तुकडा आहे. नाव केलीज बुश. तो राहिला कसा ते ऐकण्यासारखं आहे. १८९० च्या दशकात केली नावाच्या उद्योजकाने तिथे कथील गाळायचा कारखाना काढला, आणि भट्टी व घरं यांच्यामध्ये मोकळी जागा असावी म्हणून भोवतालचं रान तसंच पडून राहिलं. म्हणजे रान वाचलं ते कारखान्याच्या धुरामुळे. १९६० च्या दशकात कारखाना हलला आणि ती जमीन अर्थातच घरं बांधणाऱ्यांच्या नजरेत आली. जेनिंग्ज या मोठ्या बांधकाम कंपनीची तिथे घरं उभारायची योजना होती.

१९७० मध्ये त्या भागातल्या तेरा बायका एकत्र आल्या. सुखवस्तू घरांतल्या, राजकारणाशी फारसा संबंध नसलेल्या. आजवर असे लोक जे करत आले ते सगळं त्यांनी केलं: नगरपालिका, आमदार, मंत्री, पत्रं, अर्ज, शिष्टमंडळं, लोकांना रानातून फिरवून आणणं. उपयोग शून्य. सगळी दारं बंद झाली तेव्हा त्यांनी असं एक दार ठोठावलं जे त्यांच्या वर्गातल्या बायकांनी एरवी कधी ठोठावलं नसतं: बांधकाम मजुरांची संघटना, बिल्डर्स लेबरर्स फेडरेशन, तिची न्यू साउथ वेल्स शाखा. तिचे सचिव जॅक मंडी, कम्युनिस्ट पक्षाचे सभासद. त्या चहाच्या टेबलावर काय बोलणं झालं असेल याची कल्पना आपली आपण करावी.

संघटनेने लगेच हो म्हटलं नाही. आधी तुमच्या भागात सार्वजनिक सभा घ्या, लोकांना खरंच हे हवं आहे का ते दिसू दे, अशी अट घातली. सभेला सुमारे सहाशे लोक आले आणि त्यांनी संघटनेला रीतसर विनंती केली. जून १९७१ मध्ये संघटनेने ठरवलं की आमचा माणूस केलीज बुशमध्ये काम करणार नाही. कंपनीने बिगर-संघटित मजूर आणायची भाषा केली. तेव्हा तिच्याच दुसऱ्या एका इमारतीवर काम करणाऱ्या मजुरांनी ठराव केला की रानातलं एक झाड जरी पडलं तरी ही अर्धी बांधलेली इमारत कायमची अर्धीच राहील. कंपनी थांबली. रान राहिलं, आणि १९८३ मध्ये राज्य सरकारने ती जमीन विकत घेऊन लोकांसाठी ठेवली.

अशा बहिष्काराला पुढे ‘ग्रीन बॅन’ हे नाव पडलं, आपण हरित बहिष्कार म्हणू. १९७५ पर्यंत सिडनीत आणि आसपास असे चाळीसच्या वर बहिष्कार झाले.

आरतीचा सूर इथे थांबतो. बायका जिंकल्या, झाडं वाचली, टाळ्या. टवाळीचा सूर मात्र इथून सुरू होतो, आणि तो आपण नीट ऐकला पाहिजे, कारण त्यात दम आहे. तो म्हणतो: हंटर्स हिल हा श्रीमंतांचा भाग. यांची घरं आधीच बांधून झालेली. आता नवी घरं झाली तर यांची मोकळी हवा जाणार, नदीचा देखावा जाणार, जागेचा भाव पडणार. मग ‘निसर्ग वाचवा’. विकास हवा सगळ्यांना, फक्त माझ्या अंगणाशेजारी नको.

तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आपण शिकतो की म्हणणाऱ्याचा हेतू वाईट निघाला म्हणून म्हणणं खोटं ठरत नाही. डॉक्टर फीसाठी औषध देतो म्हणून औषध लागू पडायचं राहत नाही. तेव्हा त्या बायकांच्या मनात देखावा होता की पाखरं, यावर केलीज बुशचं मोल ठरत नाही. एवढं उत्तर पुष्कळ जण देतात आणि खूश होतात. आम्ही नाही, कारण टवाळीचा खरा मुद्दा हेतूचा नाहीच. तो वाटपाचा आहे. शहर वाढतंय, माणसांना घरं हवीत. श्रीमंत उपनगराने नकार दिला की ती घरं कुठे जातात? सिडनीत ती पश्चिमेकडे गेली, कंबरलँडच्या सपाट मैदानात. तिथलं मूळचं विरळ रान आज इतकं थोडं उरलं आहे की ते अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर करावं लागलं. तिथेही रान होतं, ओढे होते. तिथे सभेला सहाशे माणसं जमवणारे तेरा जण नव्हते, किंवा असले तरी त्यांचं ऐकायला कोणी नव्हतं. आता हा आक्षेप हेतूच्या उत्तराने कसा उडवणार?

म्हणून आम्हांला त्या बायकांपेक्षा मजुरांचा निर्णय तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा वाटतो. बायकांचं त्या रानाशी नातं शेजाराचं होतं. मजुरांचं काय होतं? ते तिथे राहत नव्हते. उलट घरं झाली असती तर त्यांना मजुरी मिळाली असती. त्यांनी स्वतःच्या पोटावर पाय देणारा ठराव केला. मंडींची त्या काळातली मांडणी थोडक्यात अशी होती: आम्हांला बांधायचंच आहे, पण काय बांधायचं याबद्दल आम्हांला बोलता आलं पाहिजे. रुग्णालयं, शाळा, साध्या माणसांची घरं आधी. पगार वाढवून घेतला आणि राहायला शहरच उरलं नाही, तर तो पगार घेऊन करायचं काय?

यात एक जुना प्रश्न नव्याने विचारला गेला आहे. श्रमाच्या फळावर श्रमिकाचा हक्क किती, यावर दीडशे वर्षं वाद चालू आहे. पण तो वाद फळाच्या वाट्याचा. इथे प्रश्न आहे श्रमाच्या परिणामाचा. माझ्या हाताने जे पाडलं जाणार, बुजवलं जाणार, त्याची जबाबदारी माझ्यावर येते का? येत असेल तर नकाराचा अधिकारही माझ्याकडे यायला हवा. मजुरी दिली की हात विकत घेतले, हे समजा मान्य केलं. हाताबरोबर विवेकही विकत घेतला, असं कोणता करार म्हणतो?

आता याच्यावरचा आक्षेप. त्या वेळी सरकारने आणि बऱ्याच वर्तमानपत्रांनी तो कडक शब्दांत घेतला होता: तुम्हांला निवडून कोणी दिलं? शहराची रचना सरकार ठरवणार की एक मजूर संघटना? आम्ही हा आक्षेप हलक्यात घेत नाही. एकट्या माणसाने काम नाकारणं हा विवेक झाला. हजारोंनी मिळून नाकारणं ही सत्ता असते. सत्तेला हिशोब द्यावा लागतो. आज रानाच्या बाजूने नकार देणारी संघटना उद्या एखाद्या जमातीच्या घरांविरुद्ध नकार देणार नाही, याची हमी काय?

हमी नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. संघटनेने हा अधिकार स्वतःहून वापरायचा नाही, स्थानिकांनी सभा घेऊन बोलावलं तरच वापरायचा, अशी शिस्त घालून घेतली होती. आणि ज्यांनी बोलावलं ते सगळे श्रीमंत नव्हते. रॉक्स आणि वुलुमुलू या बंदराजवळच्या जुन्या वस्त्यांत भाड्याने राहणारी कामगार कुटुंबं होती, त्यांना उठवून तिथे उंच इमारती येणार होत्या. तिथेही बहिष्कार पडला. रॉक्समध्ये १९७३ मध्ये खुद्द मंडींना पोलिसांनी उचलून नेलं. त्याच वर्षी रेडफर्नमध्ये आदिवासी कुटुंबांच्या घरांसाठी हीच संघटना उभी राहिली. वाटपाच्या आक्षेपाला बायकांकडे उत्तर नव्हतं. मजुरांकडे काही अंशी होतं, आणि ते शब्दांत नव्हतं, पुढच्या चार वर्षांच्या निवडीत होतं.

दुसरी गोष्ट. हा नकार ‘आम्ही ठरवू’ असं म्हणत नव्हता. तो म्हणत होता, ‘ऐकून घेतल्याशिवाय ठरवू नका’. १९७९ मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये नियोजन आणि पर्यावरणाचा नवा कायदा झाला, पाठोपाठ जमीन आणि पर्यावरणासाठी वेगळं न्यायालय आलं, आणि कायदा मोडला जात असेल तर कोणाही माणसाला, त्याची जमीन तिथे असो वा नसो, न्यायालयात जाता येऊ लागलं. कायदा केवळ बहिष्कारांमुळे झाला असं आम्ही म्हणणार नाही. पण चाळीस जागी काम अडलं नसतं तर तो झाला असता का, हे ज्यांना वाटतं त्यांनी सिद्ध करावं.

आणि किंमतही सांगितली पाहिजे, आरतीत ती गाळली जाते. हे सगळं झालं तेव्हा सिडनीत बांधकामाची तेजी होती. एक काम नाकारलं तर दुसरं मिळत होतं. १९७४ नंतर मंदी आली, आणि त्याच सुमारास त्या संघटनेच्या राष्ट्रीय नेतृत्वाने राज्य शाखा ताब्यात घेऊन मंडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बाहेर काढलं. व्हिक्टोरिया स्ट्रीटवरची घरं पाडण्याविरुद्ध लिहिणाऱ्या वर्तमानपत्राच्या संपादक हुआनिटा नील्सन जुलै १९७५ मध्ये बेपत्ता झाल्या, त्या आजतागायत सापडलेल्या नाहीत. विवेकाला पोटाचा आधार लागतो, ही गोष्ट नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत क्वचित येते.

आता तत्त्वज्ञांकडे वळू. तेही त्याच देशात, त्याच वर्षांत, ह्याच विषयाशी झुंजत होते. १९७३ मध्ये बल्गेरियातल्या वार्ना इथे जागतिक तत्त्वज्ञान परिषद भरली. तिथे रिचर्ड रूटली यांनी एक निबंध मांडला. प्रश्न असा की जग संपत आलंय, एकच माणूस उरलाय. जाता जाता तो प्रत्येक झाड, प्रत्येक प्राणी, जमेल तेवढं सगळं नष्ट करत सुटतो. त्याच्यानंतर कोणी माणूस नाही, म्हणजे कोणाचं नुकसान नाही. त्याने काही वाईट केलं का? माणसाच्या हिताअहितावर उभं असलेलं नीतिशास्त्र म्हणतं, नाही. आपलं मन म्हणतं, हो. मग नीतिशास्त्रात काहीतरी कमी आहे.

युक्तिवाद सुंदर आहे. वर्गात तो मांडला की विद्यार्थी जागे होतात, हा आमचा पुष्कळ वर्षांचा अनुभव. पण केलीज बुशला तो लावून पाहा. लागत नाही. त्या युक्तिवादात जागा नाही; शेवटचा माणूस कुठेही उभा असू शकतो. त्यात शेजारी नाही, भाडेकरू नाही, मजूर नाही, वाटप नाही. झाडाला स्वतःचं मोल आहे एवढं तो सिद्ध करतो. कुठलं झाड, कुठे, आणि कोणाच्या बदल्यात, हे प्रश्न तसेच राहतात.

त्याच वर्षी रिचर्ड आणि व्हॅल रूटली या दांपत्याचं ऑस्ट्रेलियातल्या जंगलांवर पुस्तक आलं. देशी निलगिरीची जंगलं तोडून परदेशी पाइनची लागवड करायच्या सरकारी धोरणावर त्यात हल्ला होता. आता मौज बघा. तिथे निलगिरी वाचवायला पुस्तकं लिहिली जात होती, आणि पुढच्या दशकात आपल्याकडे सामाजिक वनीकरणात तीच निलगिरी शेताच्या बांधाबांधाला लावली गेली, आणि तिच्याविरुद्ध लोक ओरडले. दोघेही बरोबर. झाड तेच, जागा वेगळी. उलट बाजूही तशीच: आपल्या टेकड्यांवर जी घाणेरी माजली आहे, तीच सिडनीच्या रानाचीही डोकेदुखी आहे. मूळची ती ना इथली ना तिथली, अमेरिकेतली. म्हणून ‘झाडं लावा, झाडं वाचवा’ ही घोषणा आम्हांला कधी पटली नाही. रानाचा विचार जागेपासून सुटला की तो रोपांच्या आकडेवारीत जाऊन बसतो. एवढी झाडं तोडू, तेवढ्याच्या तिप्पट दुसरीकडे लावू. हा हिशोब रोपवाटिकेचा झाला.

जागेचा विचार पुढे व्हॅल यांनीच नेला. विभक्त झाल्यावर त्यांनी ज्या डोंगरावर राहत होत्या त्याचं नाव घेतलं, प्लमवुड. त्यांची टीका दोन अंगांनी आहे आणि दोन्ही आपल्या विषयाला भिडतात. एक, ‘अस्पर्श निसर्ग’ या कल्पनेवर. ऑस्ट्रेलियात ही कल्पना निरागस नाही. जमीन कोणाचीच नव्हती असं धरून इंग्रजांनी ती घेतली. आदिवासींचा जमिनीवरचा हक्क तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तो १९९२ मध्ये, माबो खटल्यात. हजारो वर्षं आग लावून, राखून ज्यांनी ती रानं घडवली, त्यांना पुसून टाकल्याशिवाय ‘अस्पर्श’ हा शब्द उच्चारताच येत नाही.

आणि हीच कल्पना बांधकामवाल्यांच्याही कामाला येते. ते म्हणतात, हे कसलं जंगल? इथे तर कारखाना होता. आपल्याकडे आरेबद्दल अगदी हेच झालं: ही दुग्ध वसाहत आहे, हे जंगलच नाही. आरे १९४९ पासून तबेल्यांसाठी राखली गेली, म्हणून मुंबईच्या मध्यावर ती उरली. भट्टीमुळे केलीज बुश उरलं तसंच. तिथे आदिवासी पाडे आहेत, गुरं आहेत, बिबट्या आहे. जंगल की नाही, यावर न्यायालयात काथ्याकूट झाला, ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन-तीन दिवसांत दोन हजारांहून जास्त झाडं पडली, मग सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. कारशेड शेवटी तिथेच झाली. ‘जंगल’ सिद्ध करायच्या नादात रानाच्या बाजूने बोलायचं राहून गेलं, असं आम्हांला वाटतं. आणखी एक. त्या रात्री करवती ज्यांच्या हातात होत्या, त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. दोन्ही बाजूंनी.

प्लमवुड यांची दुसरी टीका अधिक बोचणारी. २००८ मध्ये त्या गेल्या. अखेरच्या काळात त्यांनी ‘छायेतल्या जागा’ असा विचार मांडला. आपली जागा, आपलं गाव, आपलं रान यावर प्रेम करा, असं पर्यावरणवादी सांगतात. पण आपली ती सुंदर जागा ज्या इतर जागांच्या जिवावर उभी आहे, जिथून आपलं लाकूड येतं, जिथे आपला कचरा जातो, त्या आपल्याला दिसतच नाहीत. त्या छायेत असतात.

केलीज बुशच्या काठावर उभं राहिलं की समोर नदी आहे. त्याच नदीवर वरच्या अंगाला ऱ्होड्स इथे युनियन कार्बाइडचा कारखाना होता. हो, भोपाळचीच कंपनी. तिथल्या रसायनांतलं डायॉक्सिन होमबुश बेच्या गाळात बसलं. २००६ मध्ये सिडनी बंदरातली व्यावसायिक मासेमारी बंद करावी लागली, आणि हार्बर ब्रिजच्या पश्चिमेला पकडलेले मासे खाऊ नका असा सल्ला सरकारला द्यावा लागला. रान वाचलं, त्याच्या पायाशी वाहणारं पाणी गेलं. रानाला कुंपण घालता येतं, पाण्याला नाही. पाण्याच्या बाबतीत ‘स्थानिक’ म्हणजे कोण, हे नदीच ठरवते, आणि ती नगरपालिकेच्या हद्दी मानत नाही.

हे लहान प्रमाणावर रानाच्या आतही घडतं. सिडनीची वालुकाश्माची माती फॉस्फरसच्या बाबतीत गरीब आहे, तिथली देशी झाडं त्या गरिबीलाच सरावलेली. वरच्या रस्त्यावरच्या बंगल्यांच्या बागांतलं खत पावसाच्या पाण्याबरोबर उतारावरून खाली येतं, आणि त्यावर तण फोफावतं. म्हणजे मोर्चात पुढे असलेल्याच्याच हिरवळीतून रानाचा घात होत असू शकतो. उपाय म्हणून त्या शहरात जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोघी बहिणींनी हाताने तण काढायची एक पद्धत बसवली. सगळ्यात घाण झालेल्या भागापासून सुरुवात करायची नाही. जिथे देशी रान सर्वांत चांगलं टिकलं आहे तिथून बाहेरच्या दिशेने सरकायचं, माती शक्य तितकी कमी उकरायची, आणि रान ज्या गतीने भरून येईल त्याच गतीने पुढे जायचं. त्याआधी नाही. निधी देणाऱ्याला ही गती सोसवत नाही, हे सांगायला नकोच. त्याला मार्चअखेर आकडा हवा असतो.

आपल्याकडच्या देवरायांचा अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात, म्हणजे याच वर्षांत, केला. तिथे नकार देवाचा होता, त्यामुळे सभा घ्यावी लागत नव्हती आणि ठरावही लागत नव्हता. तो धाक पुष्कळ ठिकाणी ओसरला. त्याच्या जागी आता नकार कोणी द्यायचा, शेजाऱ्याने, मजुराने की नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्याने, आणि तिघांचं एकमेकांशी जमलं नाही तर काय, याचं उत्तर प्लमवुड देत नाहीत, मंडी अर्धं देतात, आणि आमच्याकडे आज तयार नाही. छायेतल्या जागांचा मुद्दा ज्यांना अतिरेकी वाटला असेल त्यांनी आता विचारावं. वीस मिनिटं हातात आहेत. मागच्या रांगेतून मघापासून एक हात वर आहे, तिथून सुरुवात करू.